ग्राफिक्स कार्डाचीं दोन दुखणीं

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर नागोठणें मागें पडलें आणि कोलाड अजून यावयाचें असलें, म्हणजे मध्यें रोहा तालुक्यांतील खांब हें गांव लागतें. विजेच्या इतिहासांत हा सारा मुलूख मोठ्या मानाचा आहे. टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, मागाहून भिवपुरीचें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें. तिन्ही केंद्रें आजच्या रायगड जिल्ह्यांत आहेत, आणि भिऱ्याच्या केंद्रांतून सुटणारें पाणी कुंडलिकेच्या पात्रानें कोलाड-रोह्याकडे वाहत येतें. पाणी येथल्या नदीला मिळालें. वीज मात्र तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, आणि वाटेवरच्या खेड्यांत दिवे लागावयास पुढें कितीतरी वर्षें जावीं लागलीं.

त्याच खांब गांवांत, किंवा शेजारच्या कोलाड-रोह्यांत, आज एखाद्या घरीं विजेचें एक नवेंच गिऱ्हाईक येऊन बसलेलें असूं शकतें. घरांतील मुलगा अगर मुलगी मुंबईच्या चित्रपटधंद्यासाठीं हलतीं चित्रें तयार करते, घरबांधणीचे त्रिमिती नकाशे काढते, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करते. या कामांना साधा संगणक पुरत नाहीं. त्याच्या पेटींत ग्राफिक्स कार्ड नांवाचा जणूं दुसरा संगणकच बसवावा लागतो. एन्व्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०९० या कार्डावर हिशेब करणारे लहान लहान घटक २१,७६० आहेत. २०२५ च्या जानेवारींत हें कार्ड विक्रीस आलें, तेव्हां भारतांत त्याची किंमत २,१४,००० रुपयांपासून पुढें होती. मध्यमवर्गीय घरांत एवढी रक्कम बहुधा कर्जानेंच उभी राहते. आणि मग एके दिवशीं, ऐन काम पोहोंचतें करण्याच्या वेळीं, पडदा काळा होतो, पंखे वादळासारखे घोंघावूं लागतात, आणि पुढें काय करावें तें कोणास सुचत नाहीं. दुरुस्तीची मोठी पेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तो शंभराहून अधिक किलोमीटर दूर. कोणी सांगतो, ‘फर्मवेअर बदला’. दुसरा सांगतो, ‘केबल काढून पुन्हां घाला’. दोन्ही सल्ले आपापल्या जागीं योग्य आहेत. जागा चुकली, तर मात्र यांपैकीं कोणताहि सल्ला कार्डाच्या मुळावर येऊं शकतो.

या दोन दुखण्यांचें बाह्य लक्षण एकच, काळा पडदा. परंतु कारणें इतकीं भिन्न कीं एकाचें औषध दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. फर्मवेअर म्हणजे यंत्राला कारखान्यांतच पाजलेली जन्मघुटी. वीज मिळतांच आपण कोण, आपणांस काय करावयाचें, हें कार्डास ज्या आज्ञावलीमुळें कळतें ती ही. सांधा, ज्याला सर्वजण कनेक्टर म्हणतात, ही निव्वळ धातूची व प्लॅस्टिकची वस्तु. जन्मघुटी बदलून सैल सांधा घट्ट होत नाहीं, आणि सांधा कितीहि दाबला तरी आज्ञावलींतली चूक सुधारत नाहीं.

रोग ओळखण्यास प्रथम पेटी उघडण्याचीहि आवश्यकता नसते. संपूर्ण यंत्रच क्षणांत विझलें, पंखे, दिवे सर्व गेलें, तर संशय पॉवर सप्लायवर किंवा घरच्या विजेवर घ्यावा. यंत्र चालू, आवाजहि चालू, पण चित्र गेलें व कार्डाचे पंखे पूर्ण वेगानें फिरूं लागले, आणि हें नेमकें कामाचा भार वाढल्यावरच घडतें, तर वीज नेणारा सांधा हा पहिला आरोपी. बटण दाबल्यापासून पडदा काळा, परंतु थोड्या वेळानें विंडोज सुरू होतांच चित्र उमटतें, असें असेल तर दोष बहुधा फर्मवेअरचा. उलट, सुरुवातीचीं अक्षरें नीट दिसतात आणि विंडोज आल्यावर पडदा जातो, तर आधीं ड्रायव्हर तपासावा. तो फर्मवेअरहून निराळा असतो, आणि काढून नवा घालण्यांत कांहीं धोका नसतो. प्लॅस्टिक तापल्याचा वास आला तर मात्र ही सारी विचारपूस बाजूस ठेवून तत्काळ भिंतीवरचें बटण बंद करावें.

सांध्याचें दुखणें समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. तो शाळेंतल्या मुलालाहि येईल इतका सोपा आहे. व्होल्टांनीं अँपिअरांस गुणलें कीं वॉट येतात. आरटीएक्स ५०९० कार्डास पूर्ण भारावर ५७५ वॉट लागतात. घरच्या २३० व्होल्टांच्या विजेवर हा प्रवाह अवघा अडीच अँपिअर होतो. परंतु पेटींतला पॉवर सप्लाय कार्डाला वीज देतो ती १२ व्होल्टांची, आणि ५७५ ला १२ नें भागलें तर जवळजवळ ४८ अँपिअर येतात! स्नानगृहांतील दोन हजार वॉटच्या गीझरला सुमारें पावणेनऊ अँपिअर पुरतात, आणि तेवढ्यासाठीं जाड तार व मोठा सोळा अँपिअरचा प्लग आपण वापरतों. येथें त्याच्या साडेपांचपट प्रवाह सुमारें दोन सेंटिमीटर रुंदीच्या एका सांध्यांतून जातो. त्यांत वीज आणणाऱ्या सहा पिना आणि परत नेणाऱ्या सहा. म्हणजे सहांपैकीं प्रत्येक बारीक पिनेवर आठ अँपिअर, जवळजवळ एकेका गीझराचा प्रवाह.

पूर्वीचा आठ पिनांचा सांधा असा नव्हता. त्यावर १५० वॉटच घ्यावयाचे असा दंडक होता. म्हणजे साडेबारा अँपिअर तीन पिनांत वांटले जात, आणि प्रत्येकीवर चार-सव्वाचार येत. पिनेची शक्ति त्याच्या जवळजवळ दुप्पट असे. बैलगाडीचा आंस जितक्या ओझ्याला करावयाचा, त्याहून दुप्पट मजबूत करावा, तशी ही जुनी रीत. नव्या सांध्याला ६०० वॉटांपर्यंत मुभा दिली, पिनांमधलें अंतर ४.२ मिलिमीटरांवरून ३ मिलिमीटरांवर आणलें, आणि प्रत्येक पिनेवर येणारा प्रवाह तिच्या सोसण्याच्या मर्यादेच्या इतका जवळ नेला कीं मध्यें दहाबारा टक्क्यांचीच जागा उरली. जागा वांचली, तारा कमी झाल्या, पेटी सुबक दिसूं लागली.

हा सांधा घेऊन आरटीएक्स ४०९० कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्यें बाजारांत आलें, आणि त्याच महिन्यांत वितळलेल्या सांध्यांचीं छायाचित्रें जगभर फिरूं लागलीं. १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं एन्व्हिडियानें जाहीर केलें कीं, सुमारें पन्नास प्रकरणें आपणांस ठाऊक आहेत, आणि त्यांत सामान्यतः आढळणारी गोष्ट म्हणजे सांधा पूर्णपणें आंत दाबलेला नव्हता. ही गोष्ट खोटी नव्हती. अर्धवट बसलेल्या सांध्यांच्या खुणा स्वतंत्र तपासणींतहि दिसल्या. परंतु शेंकडों ग्राहकांच्या हातून एकच चूक होण्याजोगी वस्तु जो घडवितो, त्याच्याकडेहि कांहीं दोष जातोच. दाराची कडी लागली कीं नाहीं तें ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, आणि न लागली तर घर जळतें; अशा कडीबद्दल केवळ घरमालकाला बोल लावणें न्यायाचें होणार नाहीं.

खुद्द मानक ठरविणाऱ्यांनींहि हें एका परीनें मान्य केलें असें म्हणतां येईल. २०२३ सालीं या सांध्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत वीज नेणाऱ्या पिना पाव मिलिमीटरानें लांब केल्या, आणि शेजारच्या चार बारीक इशारा देणाऱ्या पिना दीड मिलिमीटरानें आखूड केल्या. हेतु असा कीं, सांधा नीट आंत गेला नाहीं तर इशारा पोहोंचूंच नये, आणि इशारा नाहीं म्हणून कार्डानें वीज ओढूंच नये. युक्ति चांगली आहे. दरम्यान सांध्याला काटकोनांत वळविणारे सुटे जोडहि बाजारांत आले होते. त्यांपैकीं केबलमॉड कंपनीचे सुमारें २५,३०० जोड फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगामार्फत परत बोलावण्यांत आले.

तरीहि गोष्ट संपली नाहीं. कोलाडच्या परिसरांत कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास तिचें कारण पटकन् समजेल. एका कालव्यावरून सहा पाट काढले, आणि त्यांपैकीं चारांत गाळ सांचला, तर पाणी थांबत नाहीं. तें उरलेल्या दोन पाटांतून जोरानें धांवतें व त्यांचे बांध फोडतें. विजेचेंहि तसेंच. सहा पिनांपैकीं कांहींचा स्पर्श थोडा सैल झाला, त्यांवर मळ बसला, कीं त्यांचा विरोध वाढतो आणि प्रवाह चांगल्या पिनांकडे लोटतो. गंमत अशी कीं येथें चांगली पिनच जळते. फेब्रुवारी २०२५ मध्यें जर्मनींतील रोमान हार्टुंग, ज्यांना संगणकप्रेमी डेर-बाउअर या नांवानें ओळखतात, यांनीं आपल्या आरटीएक्स ५०९० च्या तारांवर मापक लावला. एका तारेंत २० अँपिअरांहून अधिक, २२ च्या घरांत, प्रवाह दिसला, आणि पॉवर सप्लायकडील टोंक थोड्याच मिनिटांत सुमारें दीडशे अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आठाचे बावीस झाले कीं उष्णता साडेसातपट होते. प्रत्येक यंत्रांत असें घडतें असें नाहीं. पण घडूं लागलें तर कार्डास तें कळत नाहीं, कारण त्याच्या पाटीवर सहाहि तारा लगेच एकत्र जोडलेल्या असतात आणि तें फक्त एकूण प्रवाह मोजतें. २०२२ च्या आरंभींच्या आरटीएक्स ३०९० टीआय या कार्डांत तारांच्या तीन जोड्या वेगवेगळ्या ठेवून प्रत्येकीवर लक्ष ठेवलेलें होतें. पुढच्या पिढींत ती सोय कां सोडली, याचें समाधानकारक उत्तर ग्राहकास मिळालेलें नाहीं. आतां कांहीं महागड्या कार्डांवर पिनवार मोजणी पुन्हां आली आहे. नवीन खरेदी करणाऱ्यानें पंख्यांच्या रंगीत दिव्यांपेक्षां याची चौकशी आधीं करावी.

प्रत्यक्ष तपासणी करतांना यंत्र बंद करून प्लग भिंतींतून काढावा व कांहीं मिनिटें थांबावें. मग टॉर्चच्या उजेडांत सांध्याकडे आडव्या बाजूनें पाहावें. कार्डाच्या खोबणींत व सांध्याच्या कडेंत फट दिसतां कामा नये, खटका आंकड्यावर बसलेला असावा, आणि तार सांध्यापासून निदान दीड इंच सरळ येऊन मगच वळलेली असावी; पेटीच्या झांकणानें ती दाबली जात असेल तर पेटी लहान आहे असें समजावें. पॉवर सप्लायकडचें टोंकहि तितक्याच काळजीनें पाहावें; पुष्कळजण तिकडे वळूनहि पाहत नाहींत. पिनेभोंवतीं तपकिरी डाग, फुगलेलें प्लॅस्टिक किंवा पांढुरका मळ दिसला, तर तो सांधा पुन्हां जोडूं नये. घासून, कानसून तो चांगला होत नाहीं. उलट मुलामा जाऊन विरोध आणखी वाढतो. आणि निष्कारण दररोज काढून घालण्याची हौसहि बरी नव्हे, कारण हा सांधा सुमारें तीस वेळां काढघाल सोसावा एवढ्याच बेतानें केलेला आहे.

यांतली सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. एका कंपनीच्या पॉवर सप्लायची सुटी केबल दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला लावणें, ती खोबणींत चपखल बसली तरी, कधींहि करूं नये. पॉवर सप्लायकडील टोंकाला कोणत्या पिनेवर काय असावें याचा सर्वमान्य नियम नाहीं. तेव्हां १२ व्होल्टांच्या जागीं भलतेंच कांहीं जोडलें जाऊन सर्वस्व एका क्षणांत जातें. मोजमाप करावयाचें तर तारेभोंवतीं चिमटा धरणारा मापक लागतो, पण गांवच्या विजेच्या दुकानांत मिळणारा साधा चिमटा-मापक घरच्या उलटसुलट प्रवाहाचाच असतो. पेटींतला प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. त्यासाठीं डीसी मोजणारा निराळा घ्यावा लागतो. तो नसेल तर तात्पुरता उपाय म्हणून कार्डाची वीजमर्यादा सत्तर-ऐंशीं टक्क्यांवर आणावी. गति थोडीच घटते, आणि सांध्याची उष्णता पुष्कळच कमी होते.

घरच्या विजेकडेहि थोडें पाहिलें पाहिजे, विशेषतः कोंकणांत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां जिल्ह्यांत विजेचे खांब किती आडवे झाले आणि किती गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं, हें खांबच्या लोकांना सांगावयास नको. एरवींहि पावसाळ्यांत वीज क्षणभर जाते व येते. संगणकाचा चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावर असा खंड सुमारें सोळा-सतरा सहस्रांश सेकंदच सोसतो. घरगुती इन्व्हर्टर पंख्यादिव्यांसाठीं केलेला असतो, त्याला बदल करावयास पुष्कळदां याहून अधिक वेळ लागतो; आणि मग लोक समजतात कार्ड बिघडलें! त्यासाठीं संगणकाचा यूपीएसच हवा, आणि घराचें अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घेतलेलें हवें.

आतां फर्मवेअर. तें कार्डावरील एका लहानशा आठ पायांच्या चिपींत असतें. त्यांत दोष राहूं शकतो, आणि कंपन्या तो दुरुस्तहि करतात. २०१८ सालीं एन्व्हिडियानें आपल्या कांहीं जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठीं असें साधन काढलें. नव्या डिस्प्लेपोर्ट पडद्यांवर विंडोज येईपर्यंत कांहींच दिसत नसे, त्यावर तो उपाय होता. मे २०२५ मध्यें आरटीएक्स ५०६० व ५०६० टीआय यांसाठीं तसेंच साधन निघालें, कारण कांहीं मदरबोर्डांवर यंत्र पुन्हां सुरू करतांना पडदा कोराच राही. या दोन्ही वेळीं रोगाचें वर्णन व कार्डाचें नांव कंपनीनें स्पष्ट दिलें होतें. आपलें कार्ड त्या यादींत नाहीं, आपलें लक्षण तें नाहीं, तर केवळ नवें निघालें म्हणून फर्मवेअर बदलण्याचें कारण नाहीं.

बदलण्याची पाळी आलीच, तर धाकट्यापासून थोरल्याकडे जावें. प्रथम ड्रायव्हर. मग मदरबोर्डाचें बायॉस. जुन्या पद्धतीची सीएसएम नांवाची सोय तेथें चालू असेल तर ती बंद करून पाहावी, आणि कार्डाच्या खांचेची गति पांचव्या पिढीवरून चौथीवर आणून पाहावी. पुष्कळ काळे पडदे येथेंच उजळतात. तरीहि न भागलें तरच कार्डाच्या फर्मवेअरला हात लावावा. त्याआधीं जुन्याची प्रत काढून ठेवावी, आणि नवें घ्यावयाचें तें कार्ड बनविणाऱ्या कंपनीकडूनच, नेमक्या त्याच नमुन्याचें. एकाच नांवाचीं कार्डें दहा कंपन्या बनवितात, आणि एकीची आज्ञावली दुसरीच्या पंख्यांना, वीजमर्यादेला मानवेलच असें नाहीं. हें काम चाललें असतां वीज गेली तर चिप अर्धी जुनी, अर्धी नवी राहते. तेव्हां यूपीएसशिवाय, आणि आषाढांतल्या गडगडाटी संध्याकाळीं तर मुळींच, हें करूं नये. कांहीं कार्डांवर दोन बायॉस व त्यांमध्यें एक बारीक खटका असतो. एक बिघडलें तर यंत्र बंद करून खटका सरकवावा आणि दुसऱ्यावर सुरू करावें. खटका नसेल तर मदरबोर्डाच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या, चित्रव्यवस्थेवर यंत्र चालू करून जुनी प्रत परत भरतां येते. चिपीला चिमटा लावून बाहेरून भरण्याचा मार्ग शेवटचा, आणि तो जाणत्या कारागिराच्याच हातचा.

सांधा जळालेलाच निघाला तर तो कापूं नये, फेंकूं नये. कार्ड, केबल, पॉवर सप्लाय तिन्ही एकत्र ठेवावीं, दोन्ही टोंकांचीं स्वच्छ छायाचित्रें तारखेसह घ्यावीं, आणि बिल व हमीपत्र शोधावें. कार्डवाला केबलवाल्याकडे बोट दाखवितो, केबलवाला पॉवर सप्लायवाल्याकडे, आणि तिघे मिळून ग्राहकाच्या अंगठ्याकडे, तो पुरेसा जोरानें दाबला नाहीं म्हणून. अशा वेळीं दाद मागण्यास मुंबईस खेटे घालण्याची गरज राहिलेली नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यांतच तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, आणि सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारीहि त्यांत स्वतंत्रपणें सांगितली आहे. खांबच्या ग्राहकाला अलिबागचा जिल्हा आयोग पुरे. मोबदला पांच लाखांपर्यंत असला तर तक्रारीस शुल्क पडत नाहीं. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचें कारण घडलें त्या दिवसापासून मोजली जाते.